वाचकांचे प्रश्न : वाडी विकली, पैसा आला, आता प्रार्थनेत मन लागत नाही

या महिन्याच्या टपालात पैशासंबंधीची चार पत्रे एकदम आली, म्हणून ती एकत्रच घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रात जे विचारले आहे त्यापेक्षा जे जाता जाता लिहिले आहे ते मला अधिक महत्त्वाचे वाटले.

प्रश्न : वसईच्या पश्चिम पट्ट्यात आमची वडिलोपार्जित वाडी होती. केळी, पानवेल, थोडी फुले असा व्यवसाय आजोबांपासून चालत आला होता. आईवडील मृत्युपत्र न करता वारले आणि पुढे आम्ही तिघा भावांनी वाडी विकली. दोघी बहिणींची लग्ने वडिलांनी थाटात करून दिली होती, त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता. त्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. माझ्या वाट्याच्या पैशातून घर झाले, गाडी झाली, उरलेली रक्कम बँकेत ठेव म्हणून आहे. मी रोज सकाळी मिस्साला जातो, संध्याकाळची रोझरी चुकत नाही. परंतु येशूने श्रीमंत तरुणाला ‘तुझे असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे’ असे सांगितल्याचा उतारा वाचला गेला की अंगावर काटा येतो आणि नंतर कितीतरी दिवस प्रार्थनेत मन लागत नाही. माझ्याकडूनही देवाची तीच अपेक्षा आहे काय? पत्नी म्हणते, हे तुमचे खूळ आहे.

उत्तर : तुमच्या पत्नीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. येशूने ती आज्ञा भेटलेल्या प्रत्येक धनवानाला केलेली नाही. जक्कय हा जकातदारांचा मुख्य. त्याने आपण होऊन अर्धे धन गरिबांना देण्याचे कबूल केले, आणि ‘उरलेले अर्धेही दे’ असे येशू त्याला म्हणाला नाही. हेरोद राजाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना आणि तिच्यासारख्या इतर स्त्रिया आपल्या पैशाने येशूचा व त्याच्या शिष्यांचा खर्च चालवीत होत्या, असे लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात सांगतो. येशूच्या स्नेही बहिणी मार्था आणि मरीया यांचे बेथानीचे घर येशूच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत घरच राहिले, आणि येशूला ज्या कबरेत ठेवले ती अरिमथाईच्या एका श्रीमंत माणसाची होती. तेव्हा ठेव मोडून, घराला कुलूप लावून उद्याच चर्चच्या पायरीवर जाऊन बसा, असे मी तुम्हांला सांगणार नाही.

मात्र एवढ्यावर सुटका करून घेण्याची जी एक ठरलेली वाट आहे, तीही तुम्हांला मोकळी ठेवत नाही. धनवानाने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंटाने जाणे सोपे, ही येशूची त्याच उताऱ्यातली उपमा निघाली की कोणीतरी सांगतोच, की यरुशलेमेला ‘सुईचे नाक’ नावाचा एक बुटका दरवाजा होता आणि उंटाला ओझे उतरवून, गुडघे टेकून त्यातून जाता येत असे. मीही तरुणपणी एका प्रवचनात हे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते. त्या काळी तसा दरवाजा असल्याचा कोणताही पुरावा नाही. शिवाय उंट थोडा वाकून जाऊ शकत असता, तर ते ऐकून ‘मग तारण तरी कोणाचे होणार?’ असे शिष्य घाबरून विचारते ना.

आता तो उतारा मार्काच्या दहाव्या अध्यायात पुन्हा सावकाश वाचा. तो माणूस धावत येतो, गुडघे टेकतो, सार्वकालिक जीवनासाठी काय करू म्हणून विचारतो. येशू त्याला आज्ञांची आठवण देतो : खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, आणि मग मध्येच ‘ठकवू नको’ म्हणून पुढे आईबापांच्या मानाकडे वळतो. ‘ठकवू नको’ हे शब्द दहा आज्ञांत या रूपात नाहीत. मत्तय आणि लूक हाच प्रसंग सांगतात, पण त्यांच्याकडेही ते नाहीत. ते एकट्या मार्काने नोंदवले आहेत. त्या काळी त्या मुलखात ‘पुष्कळ मालमत्ता’ म्हणजे मुख्यतः जमीन. ज्याच्याजवळ पुष्कळ जमीन आहे अशा माणसाशी बोलताना येशूने नेमका हाच शब्द मध्ये का घातला असेल, याचा विचार मी बरीच वर्षे करीत आलो आहे. तो माणूस मात्र एका दमात म्हणतो, ‘हे सगळे मी लहानपणापासून पाळत आलो आहे.’ येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्याविषयी प्रीती वाटली, हेही मार्कच सांगतो, आणि मगच विकून टाकण्याची ती आज्ञा येते.

तुमच्या पत्रातील ज्या ओळीवर मी थांबलो ती ही : ‘त्यामुळे त्यांचा प्रश्न नव्हता.’ तुम्ही ती सहज लिहिली आहे. पण ज्याला उताऱ्याने झोप येत नाही त्याने आपल्या पत्रातील ही ओळ स्वतःच एकदा मोठ्याने वाचून पाहावी. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला आणि मागे पती किंवा पत्नी नसेल, तर त्याची मालमत्ता मुलगे व मुली यांच्यात सारखी वाटली जाते. मुलगी म्हणून वाटा तसूभरही कमी होत नाही. वडिलांनी हयातीत एखाद्या अपत्याला जे दिले असेल ते त्याच्या वाट्यातून वजा धरायचे नाही, असेही हाच कायदा सांगतो. म्हणजे लग्नातला मांडव, दागिने आणि जेवणावळी यांचा हिशेब पुढे करून वाटा संपला असे म्हणण्याची जी पद्धत आपल्या घराघरांत आहे, तिला कायद्याचा आधार नाही. तुम्ही पाच भावंडे. वाटे पाच व्हायला हवे होते, ते तीन झाले.

बहिणींनी सही केली, हे खरे. कागद कायद्याने पक्काही असेल. पण अशा सह्या कशा होतात हे तुम्हांला ठाऊक आहे आणि मलाही. भाऊ सातबारा आणि टाइप केलेले कागद घेऊन घरी येतो, चहा होतो, ‘फक्त व्यवहारापुरते आहे’ असे म्हणून पेन पुढे केले जाते, आणि माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून बहीण न वाचता सही करते. तुमच्या घरी तसेच झाले असे मी म्हणत नाही. झाले असेल तर ते तुम्हांला माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे.

लूकच्या बाराव्या अध्यायात गर्दीतून एक माणूस ओरडतो, ‘गुरुजी, मला माझ्या वतनाचा वाटा देण्यास माझ्या भावाला सांगा.’ येशू वाटणी करून देण्याचे नाकारतो आणि लोभापासून सावध राहायला सांगून कोठारे पाडून मोठी बांधणाऱ्या त्या मूर्ख धनवानाचा दाखला देतो. आपण दाखला लक्षात ठेवतो आणि तो भावंडांच्या वाटणीच्या तक्रारीवरून निघाला होता, हे विसरतो.

म्हणून माझे सांगणे असे, की गोरगरिबांना किती द्यायचे हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. जे मुळात बहिणीचे आहे ते तुम्हांला दान म्हणून देता येत नाही. दुसऱ्याच्या खिशातून दानपेटीत टाकलेल्या पैशाला दान म्हणत नाहीत. जक्कयानेही गरिबांचा वाटा सांगून झाल्यावर, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन, असे म्हटले. तुमच्याकडून कोणी चौपट मागत नाही. व्यवहाराचे कागद आणि आलेल्या रकमेचा आकडा घेऊन दोघी बहिणींना बोलवा, पाच वाटे धरले असते तर काय आले असते ते त्यांच्यासमोर मांडा, आणि तुमच्या तिसऱ्या हिश्श्यात त्यांचे जे आहे ते त्यांना द्या. भावांनी तसेच करावे अशी अट घालू नका. त्या कदाचित नको म्हणतील, कदाचित रडतील, कदाचित इतकी वर्षे मनात साचलेले काही बोलतील. ते ऐकून घेणे हाही परतफेडीचाच भाग आहे. पत्नीला हे सारे आधी सांगा, कारण ठेव तिच्याही भरवशाची आहे.

उरलेले धन तुमचे आहे आणि ते ठेवण्यात पाप नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या नावाचा मनुष्य जमीन विकतो, किमतीतला काही भाग मागे ठेवतो आणि सगळी रक्कम आणली असे भासवतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला काय म्हणतो ते पाहा : ती विकली नव्हती तोवर तुझीच नव्हती काय, आणि विकल्यावर तिची किंमत तुझ्याच स्वाधीन नव्हती काय? दोष खोटे बोलण्याचा होता, पैसे जवळ ठेवल्याचा नव्हता.

आणि सगळे सोडण्याची हाक खरोखरच आली, तर तीही ओळखू येते. तुमच्याच वसईत सोळाव्या शतकात जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया जपानकडे व्यापार करीत होते, आणि व्यापार चांगला चालला होता. तो आवरून ते मनिलाला गेले, फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय तुमच्या गावात आहे. त्यांनी धंदा सोडला तो बुडाला म्हणून नव्हे आणि अपराधी वाटले म्हणूनही नव्हे. दुसरे काही त्यांना त्याहून अधिक हवेसे झाले होते. तुमच्या पत्रात मला भीती दिसते, तशी ओढ अजून दिसत नाही. बहिणींचे काम आधी होऊ द्या.

प्रश्न : मी नगर जिल्ह्यातील एका गावी राहते. पती तीन वर्षांपूर्वी वारले. मुलाला नोकरी नाही. मोबाइलवर रोज रात्री एका उपदेशकाची प्रार्थनासभा ऐकते. ते सांगतात, की विश्वासाने बी पेरा, देव शंभरपटीने देईल. आणि पैसे पाठवायचा क्रमांक पडद्यावर येतो. मी दोनदा पैसे पाठवले. आता ते म्हणतात, की मोठा आशीर्वाद अडला आहे तो मोठे बी पेरले नाही म्हणून. बांगड्या गहाण ठेवून पाठवावे असे मनात आहे. विधवेने मंदिराच्या भांडारात टाकलेल्या दोन टोल्या, दोन लहानशी नाणी, येशूला आवडल्या ना?

उत्तर : बाई, बांगड्या हातातच राहू द्या. आज रात्री काहीही पाठवू नका.

शंभरपटीचे वचन मार्काच्या त्याच दहाव्या अध्यायात आहे, आणि ते घरदार सोडून मागे आलेल्या पेत्राला दिलेले आहे. त्या वाक्यात घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले, शेते यांच्या जोडीला ‘छळणूक’ हाही शब्द आहे. तुमच्या उपदेशकाने तो कधी वाचून दाखवला काय? आणि शंभरपट मिळालेला हा पेत्र पुढे मंदिराच्या दाराशी एका पांगळ्याला म्हणतो, ‘सोने आणि रुपे माझ्याजवळ नाही.’ ज्या अर्थाने तुम्हांला शंभरपट सांगितले जात आहे, त्या अर्थाने ते पेत्रालाही मिळाले नव्हते.

दोन टोल्यांची गोष्ट येशूने प्रशंसेने सांगितली, हे खरे. पण मार्काचाच बारावा अध्याय उघडून त्या गोष्टीच्या अगदी आधीचे वचन वाचा. शास्त्री लोक विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात, असे येशू तिथे म्हणतो, त्यांना अधिक शिक्षा होईल असेही म्हणतो, आणि मग भांडारासमोर बसून कोण काय टाकते ते पाहत राहतो. तेवढ्यात ती विधवा येते. आपण ही गोष्ट तेथूनच सुरू करतो, त्यामुळे ज्या विधवेजवळ दोनच टोल्या उरल्या होत्या तिचे बाकीचे कोठे गेले असावे, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. मला तर दिवसेंदिवस असे वाटू लागले आहे, की येशूचे डोळे त्या क्षणी तिच्या भक्तीने जितके भरले असतील तितकेच तिच्या भोवतालच्या व्यवस्थेने लाल झाले असतील.

दशांशाविषयी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याविषयीही तुम्ही पत्रात पुढे लिहिले होते. ‘सगळा दशांश भांडारात आणा’ हे मलाखी संदेष्ट्याचे वचन सभासभांतून ऐकू येते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायातले मात्र क्वचित. तेथे दर तिसऱ्या वर्षाचा दशांश गावातच साठवायला सांगितला आहे, आणि तो लेवी, परदेशी, पोरके आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून. त्या नियमाप्रमाणे तुमचे नाव देणाऱ्यांच्या यादीत नाही, घेणाऱ्यांच्या यादीत आहे.

प्रेषित पौलानेही मंडळ्यांकडून पैसे मागितले होते. ते यरुशलेमेतील गरीब बंधुजनांसाठी होते, आणि त्या रकमेबाबत कोणी दोष काढू नये म्हणून ती नेताना त्याने विश्वासू सोबती बरोबर घेतले. ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून देणे मान्य होते, जे नाही त्यावरून नाही, असे त्याने करिंथकरांना लिहिले. तुम्ही ज्यांना पैसे पाठवता त्यांचा वार्षिक हिशेब कोण पाहते, हे त्यांना एकदा विचारा आणि काय उत्तर येते ते पाहा. सेवकांच्या कसोटीसाठी आपल्याकडेही नमुने आहेत. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि त्यानंतर साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या पायी लोकांच्या बांगड्या गहाण पडल्या नाहीत.

मुलाच्या नोकरीसाठी गावच्या मंडळीतील पाळकांना आणि एखाद्या जाणत्या वडीलधाऱ्याला भेटा. प्रार्थना तर कराच. तिला पैसे लागत नाहीत.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये नवीन बाक करायचे ठरले आहे. जो एका बाकाचा खर्च देईल त्याचे नाव बाकावर कोरले जाईल. कमिटीतील काही जण म्हणतात, नाव नसेल तर कोणी पैसे देत नाही. हे बरोबर आहे काय?

उत्तर : कमिटीचा अनुभव खरा आहे, आणि हीच त्यातली दुःखाची गोष्ट आहे.

माझ्या लहानपणी आमच्या खेड्यात हंगामाच्या सणाला लोक ज्वारीची पायली, भोपळे, शेवग्याच्या शेंगा, कोंबड्या असे काय काय वेदीसमोर आणून ठेवीत आणि उपासनेनंतर पटांगणात लिलाव होई. गंमत अंड्याची असे. एक अंडे कोणीतरी विकत घेई आणि लगेच परत अर्पण करी. ते पुन्हा लिलावात येई, पुन्हा विकले जाई. असे करता करता एका अंड्यावर शेकडा उभा राही आणि सारी मंडळी हसून बेजार होत असे. एका वर्षी गावातील दोघा मातब्बरांत त्या अंड्यावरून चढाओढ लागली. रक्कम कोंबड्यांच्या खुराड्याच्या किमतीपलीकडे गेली, हसू थांबले, आणि अंडे शेवटी ज्याने घेतले त्याने ते परत अर्पण न करता खिशात घालून घरी नेले. पैसे चर्चला मिळाले होते, हिशेबात काही चूक नव्हती; तरी त्या दिवशी माझे वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

आठवणीसाठी मृतांची नावे कोरायची असतील तर माझी हरकत नाही. जिवंत दात्याचे नाव नको. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असे ज्याने सांगितले त्याच्याच घरात बसायला आपण बाक करतो आहोत. एक उपाय सुचवतो : एकूण खर्चाचा आकडा दारावर लावा, जमा झालेली रक्कम दर रविवारी त्याखाली लिहा, आणि नाव कोणाचेच लिहू नका. बाक वर्षभर उशिरा होतील. तोवर चटईवर बसू.

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. दर महिन्याला एसआयपीत ठरावीक रक्कम गुंतवतो. उद्याची चिंता करू नका, असे येशू सांगतो. मग बचत करणे हा अविश्वास आहे काय?

उत्तर : नाही. योसेफाने मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत भरून ठेवला, आणि त्याच्या त्या तरतुदीला कोणी अविश्वास म्हटले नाही. त्या धान्यावर पुढे शेजारच्या देशांतली माणसेही जगली. येशूने चिंतेला नको म्हटले आहे. देवाची आणि धनाची, अशा दोघांची चाकरी करता येत नाही, हे त्याने त्याच बोलण्यात सांगितले. आणि चाकर कोणाचा, हे तो सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कोणाच्या दारात उभा राहतो त्यावरून कळते. म्हणून रकमेविषयी मला विचारायचे नाही, दुसरेच विचारायचे आहे. सकाळी डोळे उघडल्यावर तुम्ही मोबाइल हातात घेता, तेव्हा आधी काय उघडता? बाजार पडलेला असेल त्या दिवशी घरातल्यांशी कसे बोलता? पुढचा महिनाभर ते अॅप फक्त हप्ता जाण्याच्या दिवशी उघडा आणि मग मला पुन्हा लिहा.